खुशीचा कागद

रुएल माग्बान्वाची सही मोठी देखणी होती. त्याचे वडील मायदेशी इलोइलोच्या नगरपालिकेत कारकून होते आणि पोराच्या हाताला वळण लागावं म्हणून त्यांनी त्याची बोटं पट्टीनं सुजवली होती. त्यामुळे चौसष्टाव्या वर्षीही रुएल सही करायचा ती सावकाश, एकेक अक्षर सुटं, आणि शेवटच्या अक्षराची शेपटी मागे नेऊन अख्ख्या नावाखाली एक सरळ रेघ. बाकीचे पायलट कोंबडीनं पाय ओढावेत तसं काहीतरी गिरबटून मोकळे व्हायचे. रुएलची सही पाहिली की माणूस विश्वास टाकायचा. तीच पुढे त्याच्या अंगाशी आली.

रमदूल एअरमध्ये तो सगळ्यात ज्येष्ठ कॅप्टन होता. कंपनी दोन वर्षांची, विमानं वीस वर्षांची आणि पायलट विमानांहूनही झिजलेले. पंख्याची तीन विमानं होती, त्यांतलं तिसरं पहिल्या दोघांना सुटे भाग पुरवायला हँगरच्या मागे उभं असायचं. शेपटीवर तेवढं रमदूलचं पिवळं फूल नवंकोरं रंगवलेलं. पायलट चौदा, नऊ देशांतून आलेले. कुणाची आधीची कंपनी बुडाली होती, कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणाचं वय झालं होतं. ज्याला दुसरीकडे कुठे खुर्ची मिळत होती असा एकही माणूस फ्नॉम पेन्हला त्या कंपनीत आला नव्हता, आणि कंपनीला ते पक्कं ठाऊक होतं.

करारात लिहिलं होतं, सहा आठवडे काम आणि दोन आठवडे घरी. रुएल अकरा महिन्यांत एकदा घरी गेला, नऊ दिवस. विचारायला गेलं की कंपनी म्हणायची, करार आमचा नाही, एजन्सीचा आहे. एजन्सी कुठल्याशा बेटावर होती. ती पत्राच्या उत्तरात लिहायची की रजेचा विषय कंपनीच्या अखत्यारीत येतो. पासपोर्ट पहिल्याच दिवशी ‘वर्क परमिटसाठी’ घेतला गेला होता. तो मुख्य पायलट बार्टेल्सच्या लोखंडी कपाटात असायचा. आठवड्यातून तीन दिवस उड्डाण आणि उरलेल्या दिवसांत गणवेश चढवून खोलीत बसायचं, फोन आला की वीस मिनिटांत विमानतळावर हजर. बारा बारा तास कडक इस्त्रीच्या शर्टात पलंगाच्या कडेला बसून राहायचं, आणि कंपनीच्या हिशेबी ती विश्रांती. कुणी आडवा झाला की शर्ट चुरगळायचा, म्हणून पोचेनतोंग विमानतळामागच्या त्या गल्लीत भरदुपारी खिडक्याखिडक्यांतून पांढऱ्या शर्टातली माणसं भिंतीकडे बघत ताठ बसलेली दिसायची. घरमालकीण मिंग सोफान म्हणायची, ‘‘माझ्या घरात सहा नवरदेव भाड्यानं राहतात, नवरी कुणाचीच येत नाही.’’

रुएल हे सगळं गप गिळत होता, त्याला कारण होतं. त्याचा मुलगा जेरिक. पोरानं पायलटचं लायसन्स काढून तीन वर्षं झाली होती. दोनशे तासांचा अनुभव घेऊन तो इलोइलोच्या एका मॉलमध्ये मोबाइलची कव्हरं विकत होता. दोनशे तासवाल्याला कुणी उभं करत नाही, आणि उभं केल्याशिवाय तास वाढत नाहीत. दर वर्षी लायसन्स जिवंत ठेवायला परीक्षा, तपासण्या. जेरिकला सव्विसावं लागलं होतं. रुएलला पासष्ट पूर्ण झाली की नियमानं घरी बसायचं होतं, त्याला दहा महिने उरले होते. तेवढ्यात पोराला खुर्चीत बसवायचं, बास. यापलीकडे त्याला आयुष्याकडून काहीही नको होतं.

बार्टेल्सला त्यानं विचारलं होतं. बार्टेल्स आवाज न चढवणारा माणूस. त्यानं वहीत जेरिकचं नाव लिहून घेतलं आणि म्हणाला, ‘‘कॅप्टन रुएल, तुमच्यासारखी माणसं कंपनीला सांभाळतात. कंपनीही माणसांना सांभाळेल.’’ त्या दिवसापासून रुएल ‘नाही’ हा शब्द विसरला.

आता तो कागद. कायद्यानं पायलटला दिवसाला तेरा तासच कामावर ठेवता येतं. पण वादळ आलं, विमान अडकलं, तर कॅप्टन स्वतःच्या मर्जीनं आणखी दोन तास काम करू शकतो. त्यासाठी एक फॉर्म. वर कॅप्टननं लिहून द्यायचं की, मी ताजातवाना असून कोणत्याही दबावाविना, स्वखुशीने जादा काम करीत आहे. खाली ज्येष्ठ कॅप्टननं साक्ष घालायची की, वरील कॅप्टनला मी समक्ष पाहिले, त्याच्याशी बोललो, तो उड्डाणास योग्य आहे. पायलट त्याला खुशीचा कागद म्हणायचे. जगात सगळीकडे हा फॉर्म वर्षाकाठी दोनचार वेळा लागतो. रमदूल एअरमध्ये तो आठवड्याला चार वेळा लागायचा, कारण रोस्टरच पंधरा तासांचं आखलेलं असायचं.

रोस्टर चरियाकडे होतं. चरिया तिशीची, गोड बोलणारी, दोन पोरांची आई. ती तरी काय करणार? अडकलेलं विमान सिएम रीपला, फॉर्म फ्नॉम पेन्हला. सहीसाठी धावायचं कुणी? म्हणून तिनं सगळ्यांची सोय केली. फॉर्मची पन्नास पानांची एक वहीच ती प्रत्येक कॅप्टनकडून आधीच सही करून घ्यायची. तारीख कोरी, वेळ कोरी. आणि साक्षीदाराची सही, पन्नासच्या पन्नास पानांवर, रुएलची.

‘‘पू रुएल, जेवलात का?’’ ती वडीलधाऱ्या काकांना म्हणावं तसं त्याला ‘पू’ म्हणायची. केळीच्या पानातला चिकट भात पुढे ठेवायची आणि त्याच्या शेजारी वही. ‘‘भात गरम आहे तोवर खा. सह्या मागाहून करा.’’

रुएल भात खायचा, हात पुसायचा आणि सह्या करायचा. घाई नाही. पन्नास वेळा ती सुंदर सही, पन्नास वेळा नावाखालची रेघ.

एकच माणूस अडून बसला. मिलेन्को. हा सर्बियाचा, छप्पन्न वर्षांचा, दारासारखा रुंद. रुएलच्या समोरच्या खोलीत राहायचा आणि गॅलरीत कोळशाच्या शेगडीवर लाल मिरच्या भाजून अख्ख्या घराला ठसका लावायचा. रुएल सुकी मासळी तळायचा तेव्हा तो त्याचा सूड घ्यायचा असं मिंग सोफानचं मत होतं. दोघांचं जमायचं फार. मिलेन्कोच्या पोटात अल्सर होता. तो उसळला की रुएल त्याला आलं घालून भाताची पेज करून द्यायचा, आणि तो धटिंगण माणूस पलंगावर बसून लहान मुलासारखा ती पीत राहायचा.

‘‘इथे लिहिलंय, मी ताजातवाना आहे,’’ वही नाकासमोर धरून मिलेन्को म्हणाला. ‘‘रुएल, मी जन्मात कधी ताजातवाना नव्हतो. लग्नाच्या दिवशीही नव्हतो. बायकोला विचार.’’

‘‘अरे बाबा, नुसता कागद आहे.’’

‘‘कागद आहे म्हणूनच. माणूस बोलून फिरतो. कागद फिरत नाही.’’

मिलेन्कोनं सही केली नाही. तीन आठवड्यांत त्याची सहा उड्डाणं तेराव्या तासाला थांबली. प्रवासी काउंटरवर ओरडले. बार्टेल्सनं मिलेन्कोला बोलावलं नाही, रुएलला बोलावलं. जेरिकचं नाव लिहिलेली आपली वही उघडली, जरा वेळ पाहिली, मिटली. ‘‘ज्येष्ठ माणसानं धाकट्यांना समजावायचं असतं,’’ एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी रुएल मिलेन्कोच्या गॅलरीत जाऊन बसला. शेगडी पेटलेली होती. मिरच्यांचं काळं साल सोलत मिलेन्को ऐकत होता.

‘‘तुझ्यामुळे सगळ्यांच्या रजा अडल्यात,’’ रुएल म्हणाला. हे खोटं होतं, रजा आधीपासूनच अडलेल्या होत्या.

‘‘आणि उद्या काही झालं तर? माझ्याच हातची सही दाखवतील.’’

‘‘साक्षीला मी आहे ना? काही झालं तर मी सांगेन ना तोंडानं, की आम्ही कोऱ्या कागदांवर सही करतो. मी काय मेलोय?’’

मिलेन्कोनं हात फडक्याला पुसले. ‘‘तू सांगशील?’’

‘‘देवाशपथ.’’

‘‘मग आण ती वही. पण सांगून ठेवतो, माझी सही तुझ्याइतकी छान येणार नाही.’’

रुएलला त्या क्षणी खरंच वाटलं होतं की आपण सांगू. त्याच्याबद्दल एवढं तरी बोललं पाहिजे. शपथ घेताना त्याच्या मनात खोट नव्हती, फक्त जेरिक होता.

दीड महिन्यानं ते झालं. मिलेन्कोचा तो सलग पाचवा दिवस. पहाटे चारला कामावर चढला होता. दुपारी सिएम रीपला पावसानं दोन तास अडकला. संध्याकाळी साडेपाचला, चौदाव्या तासाला, समुद्रकाठच्या सिहानूकविलला उतरताना वाऱ्याचा झपाटा आला. ताजा माणूस अर्ध्या क्षणात सावरतो. मिलेन्कोला एक क्षण लागला. विमान आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं, पुढचं चाक मोडलं आणि ते नाकावर घासत धावपट्टीच्या बाजूच्या गवतात गेलं. मेलं कुणी नाही. पण मागे उभी असलेली सोमाली नावाची हवाईसुंदरी कमरेत मोडली. ती पोरगी चोवीस वर्षांची होती, आणि पुढे कितीतरी महिने तिची आई तिला कुशीवर वळवायची.

सात वाजता चरियानं वहीतलं पान फाडून वेळ घातली, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. तेव्हा रुएल कुठे होता? ओरुसे बाजारात सुकी मासळी पाहत उभा होता, सुट्टीचा दिवस, पायात रबरी चपला.

चौकशीला विमान खात्याचा एक अधिकारी आला. हडकुळा, शांत, खिशात स्वतःचं पेन ठेवणारा. माणूस सरळ होता, हेच अवघड झालं. मिलेन्कोनं त्याला सगळं सांगितलं होतं, कोऱ्या वहीसकट. अधिकारी म्हणाला होता, हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर मला पुढे जाता येईल. दुसरा म्हणजे कोण, हे कागदावरच होतं.

आदल्या दिवशी मिलेन्को गॅलरीतून ओरडला, ‘‘रुएल! उद्या एकच वाक्य बोल. मी तिथे नव्हतो. तीन शब्द. पाठ होतील ना?’’ आणि हसला. त्याला खात्री होती. म्हणूनच तर हसला.

रुएल रात्रभर ते तीन शब्द घोकत होता आणि सकाळी ते बोलायचेच असं ठरवून निघाला होता. चौकशीच्या खोलीबाहेर बाकावर बार्टेल्स बसला होता. त्यानं एक पाकीट रुएलच्या हातात दिलं. आत जेरिकचं नेमणूकपत्र.

‘‘नावाचं स्पेलिंग बरोबर आहे का तेवढं बघून घ्या,’’ बार्टेल्स म्हणाला. ‘‘उद्या पाठवायचं म्हणतोय.’’

धमकी नाही, दम नाही. स्पेलिंग बरोबर होतं. रुएलनं ते दोनदा वाचलं, आणि घडी घालून बार्टेल्सला परत दिलं.

आत मिलेन्को कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला होता. अधिकाऱ्यानं कागद पुढे सरकवला.

‘‘ही सही तुमची?’’

‘‘माझी.’’

‘‘चार वाजून दहा मिनिटांनी तुम्ही कॅप्टन मिलेन्कोना समक्ष पाहिलं होतं? नीट आठवून सांगा. घाई नाही.’’

रुएलनं टेबलाकडे पाहिलं. ‘‘पाहिलं होतं.’’

‘‘कुठे?’’

‘‘क्रू रूममध्ये.’’

‘‘कसे दिसत होते?’’

‘‘चांगले. कॉफी पीत होते. हसून बोलले.’’

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं. मिलेन्को उठून बाहेर गेला.

ठपका कॅप्टनवर आला. थकलेला असताना तंदुरुस्त असल्याचं खोटं लिहून दिलं, असा. परवाना गेला, आणि त्याच्या देशालाही तसं कळवलं गेलं. बाकीच्यांना महिनोन् महिने मागून न मिळणारा पासपोर्ट त्याला तासाभरात मिळाला.

तो निघाला त्या दुपारी रुएल त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. जाणं अवघड होतं, आणि न जाणं त्याहून वाईट. मिलेन्को बॅगेवर गुडघा ठेवून चेन ओढत होता.

‘‘शेगडी राहू दे तुला,’’ मान वर न करता तो म्हणाला. ‘‘पोरगा येतोय ना? त्याला भाजून घाल काहीतरी.’’

‘‘मिलेन्को, मी...’’

‘‘ते ठीक आहे. बापाचं मला कळतं. मलाही पोरगी आहे.’’ चेन लागली. तो उभा राहिला. ‘‘फक्त कॉफीचं कशाला बोललास रे? नुसतं हो म्हणाला असतास तरी भागलं असतं. मी कॉफी पीत नाही. तुला माहीत आहे. तूच पेज करायचास.’’

टुकटुक गल्लीच्या तोंडाशी वळली तरी रुएल दारातच होता. मिंग सोफाननं खोली झाडायला घेतली तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाजूला व्हा, पू,’’ आणि मगच तो हलला.

जेरिक पावसाळा सरताना आला. स्वतःचा खांदे पडलेला गणवेश त्यानं मिंग सोफानच्या आरशात सतरा वेळा पाहिला. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी रुएल गच्चीवर जाऊन उभा राहिला. सकाळचं कोवळं ऊन, खाली नूडल्सवालीची हाक, आणि डोक्यावरून गेलेलं ते पिवळ्या फुलाचं विमान. त्यात त्याचा मुलगा. रुएल रडला, आणि त्याला बरं वाटलं. ते बरं वाटणं तीनेक आठवडे टिकलं. त्या वर्षात त्याच्या वाट्याला आलेलं सुख तेवढंच.

मग जेरिकचे गाल बसायला लागले. जेवताना घास हातात धरून तो झोपायचा. गणवेश घालून पलंगाच्या कडेला ताठ बसून भिंतीकडे पाहायचा. एकदा रुएलनं विचारलं, ‘‘तोतो, काल किती तास झाले?’’ घरी लाडानं सगळे त्याला तोतोच म्हणत, आणि तो बापाला ताय.

‘‘पंधरा, ताय. पण कॅप्टननं लिहून दिलं ना. चालतं.’’

रुएल चरियाकडे गेला. वही अजून वापरता का म्हणून विचारलं. इतकं होऊन गेल्यावर ती फाडून टाकली असेल अशी त्याची वेडी समजूत होती.

‘‘तीच आहे की, पू,’’ ती सहज म्हणाली. ‘‘साहेबांच्या कपाटात. तुमच्या पासपोर्टच्या शेजारीच.’’

परत मागावी, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण जेरिकची तीन महिन्यांची परीक्षेची मुदत चालू होती. या काळात कंपनीला कारण न देता काढता येत होतं. मुदत संपली की मागू, असं रुएलनं ठरवलं.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रुएलला सुट्टी होती. त्यानं मांसाचा अडोबो शिजवला होता, व्हिनेगरचा वास घरभर. जेरिक तीनपर्यंत यायचा होता. साडेतीनला निरोप आला, सिएम रीपला वादळ, उशीर, आता इथून पुन्हा सिहानूकविलची एक फेरी आहे. रुएलनं डबा भरला आणि विमानतळावर गेला. पोराच्या पोटात गरम काहीतरी जाईल, एवढाच विचार.

तो ऑफिसात शिरला तेव्हा चरिया लिहीत होती. तिच्यापुढे वहीतलं फाडलेलं पान होतं. कॅप्टन ओस्वाल्दो किरोगा. सहवैमानिक जेरिक माग्बान्वा. खाली ती देखणी सही, नावाखाली सरळ रेघ. समक्ष पाहिल्याची वेळ तिनं घातली होती चार चाळीस.

रुएलनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार पंचवीस झाले होते. कागद म्हणत होता, पंधरा मिनिटांनी तू त्याला पाहशील आणि तो ठणठणीत असेल.

‘‘हा फॉर्म दे,’’ तो म्हणाला.

‘‘का, पू? चुकलं का काही?’’

‘‘मी त्यांना पाहिलं नाही अजून.’’

चरियाला क्षणभर कळेचना की हा माणूस थट्टा करतोय की काय. मग तिचा चेहरा पडला. ‘‘असं कधी कुणी पाहतं का, पू?’’ ती हळूच म्हणाली.

रुएल डबा घेऊन धावलाच म्हणायचं. त्याच्या सगळ्या सह्यांमध्ये ही पहिली होती की जी तो खरी करणार होता. पाहणार होता. आणि ठीक दिसलं नाही तर नाही म्हणणार होता. जिन्यात त्याला धाप लागली, पण मनात एक प्रकारची उभारीच होती.

क्रू रूममध्ये ओस्वाल्दो खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. बोलिव्हियाचा, मऊ स्वभावाचा माणूस. तोंड उघडं, टोपी मांडीवरून घसरून खाली पडलेली. त्याचा तो सलग सहावा दिवस होता. शेजारी जेरिक वजनाचा तक्ता भरत होता. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा खोडत होता.

‘‘ताय? तुम्ही इथे?’’

‘‘याला उठव,’’ रुएल म्हणाला. ‘‘याला विमान चालवता येणार नाही. तुलाही नाही.’’

जेरिक उठला आणि बापाला दाराकडे घेऊन गेला. त्याचे डोळे तांबडे होते. ‘‘ताय, हळू. बार्टेल्स साहेब बाहेर आहेत.’’

‘‘असू देत.’’

‘‘माझे अकरा दिवस राहिलेत मुदतीचे. ताय, अकरा. मी पुन्हा त्या मॉलमध्ये नाही जाणार. मरेन पण नाही जाणार.’’

‘‘तोतो, तो माणूस झोपलाय.’’

‘‘सगळेच झोपतात. उठला की ठीक होतो. आणि फॉर्म तर झालाच आहे.’’ जेरिक हसायचा प्रयत्न करत म्हणाला, ‘‘तुम्हीच म्हणायचात ना, नुसता कागद आहे.’’

दारात बार्टेल्स आला. त्यानं झोपलेल्या ओस्वाल्दोकडे पाहिलं, मग रुएलकडे. ‘‘कॅप्टन, काही अडचण? तुमच्या साक्षीबद्दल काही बोलायचंय का? आजच्या, का मागच्या?’’

मागची साक्ष. आजची सही खोटी म्हटली की तीही खोटी ठरणार होती. मग त्याचा परवाना, जेरिकची नोकरी, सगळं एका फटक्यात. मिलेन्कोला कदाचित काही परत मिळालं असतं. कदाचित. रुएलच्या मनात हे सगळं येऊन गेलं, आणि तो मुलाकडे पाहत होता. मुलानं हात जोडले नव्हते, पण ते जोडल्यासारखेच होते.

आवाजानं ओस्वाल्दो जागा झाला. गडबडून उभा राहिला, टोपी उचलली, पाणी तोंडावर मारलं. ‘‘रुएल! काय रे, सगळं ठीक?’’

घड्याळात चार चाळीस झाले होते.

‘‘ठीक,’’ रुएल म्हणाला.

बार्टेल्स गेला. रुएलनं डबा जेरिकच्या हातात दिला. ‘‘वर जाऊन खा. वारा पाहा. ओस्वाल्दो गप्प बसला की त्याच्याशी बोलत राहा. काहीही बोल.’’

‘‘हो, ताय.’’

दहा मिनिटांनी विमान सुटलं. रुएल चरियाच्या खिडकीत उभा राहिला. पिवळं फूल धावपट्टीच्या टोकाशी लहान झालं, वर गेलं, पश्चिमेच्या काळ्या ढगांकडे वळलं. चरियानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली. तो बसला नाही. चाळीस मिनिटांचं उड्डाण होतं. त्या चाळीस मिनिटांत त्यानं देवाला जे काय सांगितलं ते त्याचं त्याला ठाऊक, पण मिलेन्कोचं नाव घ्यायला त्याची जीभ रेटली नाही.

साडेपाचला फोन वाजला. उतरले. सगळे सुखरूप. ओस्वाल्दोनं वाऱ्यात एक फेरी मारून दुसऱ्यांदा उतरवलं होतं म्हणे, पहिल्यांदा जमलं नाही.

आता रुएल त्या खुर्चीत बसला. चरियानं त्याला बर्फाचा चहा दिला आणि उद्याचं रोस्टर छापायला टाकलं. त्यात जेरिक होता, पहाटे पाचला, पुन्हा ओस्वाल्दोबरोबर. सातवा दिवस.

‘‘पू, आलाच आहात तर,’’ तिनं संकोचत टेबलाचा खण उघडला. ‘‘नवी वही आलीय. पण घाई नाही, आधी चहा घ्या. जुनीत अजून एकोणीस पानं आहेत.’’